स्टार्ट मेनूतील गर्दी आणि आपली ऊस नोंद



या पानावर आमच्या विभागाकडून बहुधा बेणे, लागण, पाचट, खोडव्याची खते असेच विषय येतात. या खेपेस कॉम्प्युटरच्या पडद्यावरील एका यादीविषयी लिहीत आहे म्हणून काही जण पान उलटतील. त्यांना एवढीच विनंती, की आधी कपाटातली आपली ऊस नोंदीची पावती काढून जवळ ठेवावी. हा लेख लिहिण्याची पाळी माझ्यावर एका पावतीमुळेच आली.

जुलै २०२३ ची गोष्ट. आडसाली लागणीच्या नोंदी जोरात चालू होत्या. गट ऑफिसचा ऑपरेटर घरी आजारपण निघाल्याने रजेवर गेला आणि ओव्हरसियरनी शिवारातून आणलेल्या नोंदी टेबलावर साठत राहिल्या. सभासद रोज येऊन पावती मागत. शेवटी एका संध्याकाळी सात वाजता मी स्वतःच खुर्चीवर बसलो. स्टार्टचे बटण दाबले. सर्वांत वर 'ऊस नोंद' असे दिसले, ते उघडले आणि दीड तासात सतरा नोंदी भरून, पावत्या छापून मोकळा झालो. काम हातावेगळे केले म्हणून स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

त्या यादीत 'ऊस नोंद' दोन होत्या. नोंदीचा प्रोग्रॅम दर हंगामाला वेगळा बसवला जात असे. जुना काढायचा नसतो, कारण मागची माहिती लागते. एक होता २०२३-२४ चा आणि दुसरा नुकताच बसवलेला २०२४-२५ चा. नावात फरक एवढाच, की नव्याच्या पुढे कंसात दोनचा आकडा होता. जुलैची आडसाली लागण ही लगेच येणाऱ्या हंगामाची नसते, त्याच्या पुढच्या हंगामाची असते, हे आपल्यातल्या पोरासोरालाही ठाऊक आहे. पण मी जे उघडले ते वरचे, म्हणजे २०२३-२४ चे.

पुढे काय व्हायचे ते झाले. त्या हंगामाच्या यादीत या सतरा नोंदी अगदी शेवटी जाऊन पडल्या. मार्च २०२४ मध्ये चिटबॉय तिथपर्यंत पोचला तेव्हा ऊस आठ महिन्यांचा. असला कोवळा ऊस कोण तोडणार? त्याने 'कोवळा' असा शेरा मारला आणि यादी मिटली. आणि २०२४-२५ च्या यादीत तर ही नावे नव्हतीच.

दिवाळी झाली. हंगाम १५ नोव्हेंबर २०२४ ला सुरू व्हायचा होता, त्याआधी तोडणी कार्यक्रम गट ऑफिसच्या फलकावर लागला. दुसऱ्या दिवशी सकाळीच एक वडीलधारे सभासद, ज्यांना सारा गाव आप्पा म्हणतो, दारात उभे.

"साहेब, यादीत माझा ऊस न्हाई. माझी जुलैची लागण. माझ्या बांधाशेजारची ऑगस्टची, तिचं नाव हाय. माझा कुठं गेला?"

मी म्हटलं, "आप्पा, नोंद केली होती का?"

"तुमीच केलीसा की वो."

आणि त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेली पावती काढून टेबलावर ठेवली. खाली माझी सही. डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'गळीत हंगाम २०२३-२४'. ती ओळ मी सही करताना वाचली नव्हती आणि त्यांनीही वाचली नव्हती. पण त्यांनी वाचायची का म्हणून? साहेबांनी दिली म्हणजे बरोबरच असणार.

सोळा महिन्यांचा आडसाली ऊस. तो आणखी दोन महिने उभा राहिला तर वजन घटते, तुरा आलेला ऊस पोकळ पडतो, उंदीर आणि रानडुकरे आपला वाटा उचलतात, हे मी सभासदांना सांगत फिरणारा माणूस. प्रकरण वरिष्ठांपुढे ठेवले, ओव्हरसियरच्या शिवार वहीतून लागणीच्या तारखा पडताळून घेतल्या आणि सतराही नोंदी योग्य हंगामात घेतल्या. परंतु तोवर टोळ्या वाटून झाल्या होत्या. चौदा जणांना क्रमाने तोड मिळाली, तिघांना जवळजवळ तीन आठवडे थांबावे लागले. त्यांत आप्पा होते. त्यांना त्या रानात खोडवा ठेवायचा नव्हता, हरभरा करायचा होता. पेर इतकी लांबली की त्यांनी हरभरा पेरलाच नाही. त्यांनी मला एका शब्दाने बोलून दाखवले नाही, हे मला जास्त लागले.

त्यानंतर मी ही स्टार्टची यादी म्हणजे काय प्रकार आहे ते नीट शिकून घेतले. कृषी पदविकेला आम्हांला कॉम्प्युटर कोणी शिकवला नव्हता. आणि माऊस म्हणजे उंदीर, उसातल्या उंदरांना आमिष घालण्यात उमेद गेलेल्या माणसाच्या हाती तो आला. पण आता आपल्यातल्या कितीतरी घरांत कॉम्प्युटर आहे. पोरे शिकतात, कोणी डेअरीचा हिशेब ठेवतो, कोणी सोसायटीचे काम घरी आणतो. म्हणून जे शिकलो ते सांगतो.

हे स्टार्टचे बटण आले विंडोज ९५ बरोबर. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ते २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आणले. ते तयार होत असतानाची एक हकिकत त्याच कंपनीचे जुने प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी सांगितली आहे. सुरुवातीला पडद्याच्या तळाशी तीन बटणे होती आणि त्यांत स्टार्ट नव्हते. नवखी माणसे बसवून चाचणी घेतली, तर मशीन चालू होई आणि माणूस नुसता पडद्याकडे बघत बसे. काय करायचे ते कळेना. मग एका बटणावर 'स्टार्ट' असे लिहिले. म्हणजे बाबा, सुरुवात इथून कर. तेव्हापासून लोकांना वाट सापडली. मात्र मशीन बंद करायलाही स्टार्टच दाबायचे, ही गंमत तेव्हापासून चालत आली आहे.

यादीचे रूप पुढे बदलत गेले. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये आपण वर टाचून ठेवलेले प्रोग्रॅम आणि त्याखाली वारंवार वापरलेले, असे दोन भाग झाले. २०१२ मध्ये विंडोज ८ ने बटणच काढून टाकले. लोकांची ओरड झाली आणि २०१३ मध्ये ८.१ ला ते परत आणावे लागले. २०१५ मध्ये विंडोज १० ने चौकोनी फरशा बसवलेली यादी दिली. २०२१ मध्ये विंडोज ११ आले, त्यात बटण डाव्या कोपऱ्यातून उठून मधे आले. विंडोज १० ची दुरुस्ती व सुरक्षा कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवली आहे, म्हणून नवी मशीन घेणाऱ्याच्या घरी ११ च येते. पुढचे सांगणे त्याच्याच धरून आहे.

मुख्य गोष्ट ही की स्टार्टमध्ये जे दिसते तो प्रोग्रॅम नव्हे. ती त्याच्याकडे नेणारी पाटी आहे. रस्त्यावरची गावाच्या नावाची पाटी काढली म्हणून गाव जात नाही, तसेच हे. पाटी काढावी, दुसरी लावावी, मागची पुढे आणावी. आतल्या माहितीला धक्का लागत नाही. नवे मशीन घेतले की अशा किती तरी पाट्या आधीच लावलेल्या असतात. खेळ, गाणी, कोणाकोणाच्या जाहिराती. आपल्याला लागतात चार आणि दिसतात वीस. उसाच्या बेटात वांझ फुटवे वाढू दिले की ते खत आणि पाणी खातात, हे सांगायला नको.

नको असलेल्या चित्रावर माऊसची उजवी कळ दाबली की एक छोटी यादी उघडते. त्यात 'अनपिन फ्रॉम स्टार्ट' असे असते. ते दाबले की पाटी निघाली. पण इथेच सावध राहावे. त्याच छोट्या यादीत 'अनइन्स्टॉल' हाही शब्द असतो. तो दाबला तर गावच उठते. दोन्ही शब्द 'अन' ने सुरू होतात, आणि ज्याला इंग्रजी जेमतेम येते त्याचे बोट भलत्यावर पडायला वेळ लागत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलाने 'पडदा साफ करतो' म्हणून डेअरीच्या हिशेबाचा प्रोग्रॅमच काढून टाकला. माहितीची प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून निभावले, पण पुन्हा बसवून घेईपर्यंत दहा दिवसांचे दूध वहीत लिहावे लागले. 'अनइन्स्टॉल' दाबल्यावर मशीन एकदा विचारते. तेव्हा घाईने होकार देऊ नये, एवढे पोरांना सांगून ठेवावे.

हवे ते वर आणायचे असेल तर सगळ्या प्रोग्रॅमांची अक्षरवार यादी उघडावी. काही मशीनवर त्यासाठी 'ऑल' हे बटण आहे, तर काहींवर पान खाली सरकवले की यादी लागते. तिथे हव्या त्या नावावर उजवी कळ दाबून 'पिन टू स्टार्ट' म्हणावे. टाचलेल्यांमध्ये ज्याला पहिले स्थान द्यायचे त्यावर उजवी कळ दाबून 'मूव्ह टू फ्रंट' करावे, किंवा बोटाने धरून ओढत न्यावे. एक चित्र दुसऱ्यावर नेऊन सोडले की दोघांची मिळून एक पेटी होते आणि पेटीला नाव देता येते. पोरांचे खेळ असे एका पेटीत कोंबून ठेवता येतात.

आता माझी चूक कशी झाली ते सांगतो, कारण त्यात मशीनचाही हात होता. जास्त वापरलेले प्रोग्रॅम आपणहून वर दाखवायची सोय यात असते. वापरणाऱ्याची सोय व्हावी हाच त्यातला हेतू. पण आमच्या ऑपरेटरने वर्षभर २०२३-२४ च्या नोंदी केल्या होत्या, नवा प्रोग्रॅम चार दिवसांपूर्वी बसला होता. मशीनला हंगाम कळत नाही, किती वेळा उघडले एवढेच कळते. त्याने इमानाने जुनाच वर ठेवला. हंगाम बदलण्याच्या दिवसांतच ही सोय नेमकी उलटी पडते. सोसायटीत आर्थिक वर्ष बदलताना, डेअरीत वर्षाचा हिशेब नवा उघडताना हेच होणार, हे सोसायटीच्या सचिवांनीही ध्यानात घ्यावे.

ही सोय बंद करता येते. 'सेटिंग्ज' मध्ये 'पर्सनलायझेशन', त्यात 'स्टार्ट'. तिथे काही कळा ओळीने लावलेल्या असतात. 'शो मोस्ट यूज्ड ॲप्स' ही बंद करावी म्हणजे वापराप्रमाणे वरखाली होणे थांबते, आणि आपण जे टाचले तेच आपल्या जागी राहते. 'शो रिसेंटली ॲडेड ॲप्स' ही कळ मात्र मी चालू ठेवायला सांगेन. मशीनमध्ये नवीन काय शिरले ते तरी दिसते.

त्याच पानावर आणखी एक कळ आहे आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. स्टार्टच्या खालच्या भागात 'रेकमेंडेड' म्हणून जागा असते. तिथे नुकत्याच उघडलेल्या फाइलींची नावे येतात. घरच्या मशीनवर त्याने काही बिघडत नाही. पण गट ऑफिसात, सोसायटीत, जिथे टेबलापलीकडे चार सभासद उभे असतात तिथे काय होते? ऑपरेटर स्टार्ट दाबतो आणि पडद्यावर दिसते, अमक्याची कपात यादी, तमक्याच्या थकबाकीची नोटीस. फाइल कोणी उघडत नाही, नावावरच गावात चर्चा होते. माणसाची अब्रू दोन हजाराच्या बाकीसाठी चव्हाट्यावर येऊ नये. 'शो रेकमेंडेड फाइल्स' अशी सुरू होणारी ती लांब नावाची कळ बंद केली की नावे जातात. तिच्या बरोबर इतर ठिकाणची नुकत्याच उघडलेल्या फाइलींची यादीही जाते, तेव्हा ऑपरेटर कुरकुर करील. करू द्यावी. आमच्या गट ऑफिसांत ती बंद केलेली आहे. कुठे चालू दिसली तर सभासदांनी हक्काने सांगावे.

नावांचा प्रश्न राहिला. दोन्ही पाट्यांवर एकच नाव, हे मूळ दुखणे. नाव बदलता येते. चित्रावर उजवी कळ दाबून 'ओपन फाईल लोकेशन' म्हटले की ज्या कप्प्यात या पाट्या ठेवलेल्या असतात तो कप्पा उघडतो. अक्षरवार यादीतून जायचे असेल तर हा पर्याय 'मोअर' च्या आत असतो. तिथे पाटीचे नाव बदलावे. बेणे मळ्यातल्या फळीवर जात आणि लागणीची तारीख लिहितो तसे स्पष्ट लिहावे: 'ऊस नोंद २०२६-२७'. जुन्याचे 'जुना २०२५-२६, फक्त पाहण्यासाठी'. आधी टाचलेले काढावे, नाव बदलावे आणि मग पुन्हा टाचावे, म्हणजे घोळ राहत नाही. मराठी अक्षरांतले नावही चालते. फक्त टाइप करून शोधायचे झाल्यास कीबोर्ड मराठीवर न्यावा लागतो, एवढी अडचण.

हे कप्पे दोन असतात. एक मशीन वापरणाऱ्या सर्वांसाठीचा, तो सी ड्राइव्हवर 'प्रोग्रॅम डेटा' या नावाखाली आत खोल असतो. दुसरा ज्याच्या त्याच्या नावाचा. सर्वांच्या कप्प्यात हात घालायला मशीनच्या मुख्य माणसाचा पासवर्ड लागतो, आणि लागावाच. नाव बदलले की सर्वांना बदललेले दिसते. पण टाचणे हे मात्र ज्याचे त्याचे. मी माझ्या लॉगिनमध्ये यादी झकास लावली आणि निर्धास्त झालो. ऑपरेटरच्या लॉगिनमध्ये जुनीच गर्दी होती, हे मला दोन महिन्यांनी कळले. प्रत्येकाच्या लॉगिनमध्ये बसून एकेकदा करावे लागते. त्याला दुसरा सोपा उपाय मला तरी सापडला नाही.

आणि हो, 'स्टार्ट' आणि 'स्टार्टअप' या दोहोंत गल्लत करू नये. मशीन चालू होताच जे प्रोग्रॅम आपोआप सुरू होतात ते स्टार्टअप. मशीन सकाळी रेंगाळते ते त्यांच्यामुळे, स्टार्टच्या यादीतल्या चित्रांमुळे नव्हे. यादी कितीही साफ केली तरी मशीनचा वेग वाढणार नाही. ज्यांनी त्या आशेने इथवर वाचले त्यांची क्षमा मागतो.

मोबाईलवरही हाच न्याय आहे. चित्र दाबून धरले की 'रिमूव्ह' आणि 'अनइन्स्टॉल' असे दोन शब्द येतात. पहिल्याने समोरच्या पडद्यावरून चित्र जाते, दुसऱ्याने ॲपच जाते. २०२१ साली ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली तेव्हापासून अनेक सभासद आपली पीक नोंद स्वतः फोनवर करतात. फोन भरला म्हणून नातू एखादे ॲप काढून टाकतो आणि पाहणीची मुदत जवळ आल्यावर शोधाशोध होते, असे दरसाल ऐकायला मिळते. ही सरकारी आणि कारखान्याची ॲपे पहिल्या पडद्यावर एका पेटीत ठेवावीत आणि पेटीला 'शेती' असे नाव द्यावे.

गट ऑफिसांच्या मशीनवर आता स्टार्टमध्ये पाचच चित्रे टाचलेली आहेत. जुन्या हंगामाचा प्रोग्रॅम तिथे नाही. लागला तर ऑपरेटरने अक्षरवार यादीतून मुद्दाम शोधून काढायचा, असे ठरवले आहे. शिवाय पावतीवरची हंगामाची ओळ कोपऱ्यातून उचलून मधोमध मोठ्या अक्षरात घेतली आहे. जुलै २०२५ मध्ये आप्पा पुन्हा आडसालीच्या नोंदीला आले. चष्मा लावला, पावती उजेडाकडे धरून ओळ वाचली, '२०२६-२७, बरं हाय' म्हणाले आणि मग घडी घालून पिशवीत ठेवली.

आपल्या हातात आता पावती असेलच. जुलै-ऑगस्ट २०२५ ची आडसाली, त्यापुढची ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारी २०२६ ची सुरू लागण आणि २०२५-२६ च्या हंगामात तुटलेल्या उसाचा खोडवा, या सर्वांवर हंगाम २०२६-२७ असाच पाहिजे. त्यातही आडसालीवाल्यांनी दोनदा बघावे, कारण त्यांची नोंद होते तेव्हा आधीचा हंगाम अजून सुरूही झालेला नसतो आणि चूक व्हायला तीच वेळ असते. लागणीची तारीख, गट नंबर आणि क्षेत्रही त्याच वेळी पडताळावे. काही वेगळे दिसल्यास पावती चिटबॉयबरोबर पाठवू नये. स्वतः गट ऑफिसला यावे, ऑपरेटरला पडदा आपल्याकडे वळवायला सांगावे आणि दुरुस्त झालेली नोंद डोळ्यांनी बघून, नवी पावती घेऊनच घरी जावे.

— ऊस विकास अधिकारी